समुद्राचा वास उपग्रहाला कळतो का?

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकू. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘समुद्रातले नैसर्गिक वायू आणि उपग्रह’. तो वाचून आत येताना एका गृहस्थांनी आम्हाला थांबवून विचारलं, म्हणजे आता समुद्रातून सिलिंडर भरणार का? तर नाही. स्वयंपाकाच्या गॅसशी या विषयाचा काही संबंध नाही. नैसर्गिक म्हणजे इथे एवढंच, की जो चिमणीतून किंवा मोटारीतून निघत नाही, सजीवांपासून निघतो. आणि हे सजीव समुद्रातले इतके बारीक, की बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांना म्हणतात वनस्पती-प्लवक. पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या एकपेशीय वनस्पतीच म्हणा.

त्यांच्यापासून निघणारे वायू बरेच आहेत, पण आज आम्ही एकाच वायूबद्दल बोलणार आहोत. डायमिथाइल सल्फाइड. नाव अवघड आहे, म्हणून सगळे डीएमएस म्हणतात, आपणही म्हणू. तुम्हाला वाटेल, खाप्यात बसून हा वायू आपल्याला कुठे भेटणार? तो तुम्हाला भेटलेला आहे. घरी पत्ताकोबी शिजायला ठेवली, की झाकण काढल्यावर जो उग्र वास येतो, त्यात डीएमएस असतो. मक्याची कणसं उकडताना येणाऱ्या वासातही असतो. आणि समुद्रकिनाऱ्यावर उतरल्याबरोबर जो ‘समुद्राचा वास’ येतो, त्यातही बराच वाटा याच वायूचा आहे. तो वास मिठाचा म्हणून आपण सांगतो, पण मिठाला वास नसतो.

दुसरा खुलासा आमच्याबद्दल. आम्ही रसायनशास्त्राचे नाही, तत्त्वज्ञानाचे. आयुष्यभर वर्गात डोंगर, धूर आणि अग्नी शिकवला. मग या विषयात का पडलो? एका साध्या कारणाने. समुद्रातून दरवर्षी हवेत किती डीएमएस जातो याचे आकडे वाचत होतो. अलीकडचा आकडा आहे वर्षाला सुमारे २७१ लाख टन गंधक. म्हणजे डीएमएसमधल्या नुसत्या गंधकाचं वजन. वाचताना मनात आलं, हे मोजलं कोणी? समुद्र पृथ्वीचा सत्तर टक्के भाग व्यापतो. इतक्या पाण्यावर तराजू कोण घेऊन गेला? उत्तर शोधता शोधता कळलं, की हे सगळं प्रकरण आमच्याच घरचं आहे. हा अनुमानाचा प्रश्न आहे.

आधी हा वायू तयार कसा होतो ते पाहू, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या पेशीवर हीच वेळ आलेली असते. आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून ती पेशी आत काही पदार्थ साठवून ठेवते. अनेक प्लवक जो पदार्थ साठवतात त्याच्यात गंधक असतं, त्याला डीएमएसपी म्हणतात. शेवटी फक्त ‘पी’ जास्त. पेशी जिवंत आणि धडधाकट असेल तोवर हा साठा बहुतांशी आतच राहतो. पेशी मेली, विषाणूने फोडली, किंवा कोपेपॉड नावाच्या इवल्या प्राण्याने ती खाल्ली, की साठा पाण्यात सांडतो आणि त्याचं विघटन होऊन डीएमएस तयार होतो. तोही सगळा हवेत जात नाही. बराचसा पाण्यातले जीवाणूच फस्त करतात, काही उन्हाने मोडतो. साधारण दहावा हिस्सा पृष्ठभागावरून हवेत निसटतो असं मानतात.

हवेत गेला की एक-दोन दिवसांत त्याचं रूपांतर होतं. त्यातून सल्फर डायऑक्साइड होतो, गंधकाम्ल होतं, आणि त्यातून अतिसूक्ष्म कण तयार होतात. ढगाचा थेंब नुसत्या वाफेतून सहजासहजी बनत नाही, त्याला बसायला कण लागतो. कण जास्त असतील तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं आणि थेंब बारीक होतात. आता खडीसाखर आणि पिठीसाखर शेजारी ठेवून बघा. साखर तीच, पण पिठी जास्त पांढरी दिसते, कारण बारीक दाणे प्रकाश जास्त परतवतात. बारीक थेंबांचा ढग असाच जास्त पांढरा असतो. तो ऊन परत पाठवतो आणि खालचं पाणी त्या मानाने थंड राहतं.

१९८७ साली चार शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये यावरून एक धाडसी कल्पना मांडली. चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरेन. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘क्लॉ’ म्हणतात, इंग्रजीत त्याचा अर्थ पंजा. यातल्या लव्हलॉकने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जहाजावरून जाऊन समुद्रातला डीएमएस मोजला होता. कल्पना अशी, की समुद्र तापला तर प्लवक डीएमएस जास्त देतील, ढग पांढरे होतील, समुद्र निवेल. म्हणजे पृथ्वीवरचं जीवनच पृथ्वीचा ताप सांभाळतं. कल्पना सुंदर आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला तर ती फारच आवडते, आणि आम्हालाही आवडली होती. पण २०११ मध्ये क्विन आणि बेट्स या दोघांनी त्याच ‘नेचर’मध्ये तिच्याविरुद्ध बाजू मांडली. समुद्रावरच्या ढगांना कण इतरही ठिकाणांहून मिळतात, समुद्राच्या फवाऱ्यातून मिठाचे मिळतात, आणि डीएमएस थोडा कमीजास्त झाल्याने ढग तितके बदलत नाहीत, असा त्यांचा मुद्दा. आज त्या मूळ रूपातली ‘क्लॉ’ फारसं कोणी धरून बसलेलं नाही.

मग हा वायू मोजायचा कशाला? त्याचं कारण आम्हाला मूळ कल्पनेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. नागपूरच्या वाटेवर कोराडीच्या चिमण्या तुम्ही रोज पाहता. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्याचेही कण होतात, तेही ढगांत शिरतात. माणसाने ढग किती बदलले, हे सांगायचं तर माणसाने हात लावण्याआधी ते कसे होते हे कळायला हवं. अभ्यासक त्यासाठी १७५० च्या आसपासचं साल धरतात. त्या काळी समुद्रावरच्या हवेत जे गंधक होतं, त्यात मोठा वाटा प्लवकांचा आणि ज्वालामुखींचा. २०१३ मध्ये कार्सलॉ आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला. कणांमुळे ढगांवर झालेल्या मानवी परिणामाच्या अंदाजात जी अनिश्चितता आहे, तिच्यातला सुमारे ४५ टक्के भाग अशा नैसर्गिक उत्सर्जनांमुळे येतो, डीएमएस त्यांतला एक. म्हणजे आपल्या चिमणीचा दोष नेमका किती, हे ठरवताना समुद्राचा हिशेब मध्ये येतो. एखाद्याच्या डोक्यावर कर्ज किती चढलं ते सांगायचं, पण सुरुवातीची शिल्लकच माहीत नाही, तसं आहे हे.

आता मोजणीकडे येऊ. सरळ मार्ग म्हणजे जहाजाने जायचं, पाण्याचा नमुना काढायचा, त्यातला डीएमएस यंत्रावर मोजायचा. नमुना फार वेळ ठेवता येत नाही, वायू निसटतो. हे काम आपल्याकडे गोव्यात होतं. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. कांदोळीसमोरच्या समुद्रात एक ठरलेली जागा धरून तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पाण्याचे नमुने घेत आले आहेत. जगभरातल्या अशा मोजण्या गोळा करून त्यांचा महिनावार नकाशा करायचं काम आधी १९९९ मध्ये झालं, मग २०११ मध्ये, आणि तिसऱ्यांदा २०२२ मध्ये. या तिसऱ्या खेपेचं नेतृत्व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून झालं, श्रीवर्धन हुलस्वार आणि अनूप महाजन यांच्याकडून. आठ लाखांहून जास्त मोजण्या त्यात घेतल्या आहेत. आम्ही मघाशी सांगितलेला २७१ लाख टनांचा आकडा त्यातूनच आला. त्याआधीच्या खेपेचा आकडा २८१ लाख टन होता.

आठ लाख ऐकून भारदस्त वाटतं. पण मोजण्या जहाजं गेली त्या वाटांवरच दाटलेल्या असतात. मधल्या मोकळ्या पाण्यात काय आहे, ते शेजारच्या मोजणीवरून भरून काढावं लागतं. सावनेरचा पाऊस मोजून पारशिवनीचा सांगायचा, असा प्रकार. इथे उपग्रहाची गरज पडते.

भारताने समुद्राचा रंग पाहणारा उपग्रह, ओशनसॅट-१, मे १९९९ मध्ये सोडला. ७२० किलोमीटर उंचीवरून तो दर दोन दिवसांनी तोच समुद्र पाहायचा. गंमत बघा, खाप्याहून गोव्याचा समुद्र सरळ रेषेतसुद्धा आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे तो आकाशातला डोळा समुद्राला आपल्यापेक्षा जवळ. सप्टेंबर २००९ मध्ये ओशनसॅट-२ गेला, आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी तिसरा, ज्याला ईओएस-०६ असंही म्हणतात. त्याचा रंगमापक तेरा रंगपट्ट्यांत पाहतो, पहिल्याचा आठ पट्ट्यांत पाहायचा.

पण तो काय पाहतो? डीएमएस तर अजिबात पाहत नाही. मिथेन पाहणारे उपग्रह आहेत, कारण मिथेन हवेत त्या मानाने भरपूर आहे. डीएमएस समुद्रावरच्या हवेतसुद्धा एक लाख कोटी रेणूंत शंभरेक सापडला तर सापडला. उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्य किती ते काढतात. हरितद्रव्यावरून प्लवक किती, प्लवकांवरून डीएमएसपी, त्यावरून पाण्यातला डीएमएस, आणि वाऱ्याचा वेग घालून हवेत गेलेला डीएमएस. पाहिला रंग, सांगितला वास, आणि मध्ये एवढ्या पायऱ्या.

न्यायशास्त्रात याला लिंगावरून लिंगीचं ज्ञान म्हणतात. डोंगरावर धूर दिसला, अग्नी दिसला नाही, तरी अग्नी आहे असं आपण म्हणतो. कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आपल्याला माहीत आहे. विद्यार्थी इथपर्यंत आनंदाने येतात. मग आम्ही विचारायचो, उलटं चालेल का? अग्नी दिसला, म्हणून धूर आहेच? वर्गात निम्मे हात वर जायचे. आणि मग ‘तर्कसंग्रहा’तलं उदाहरण यायचं, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं लाकूड लागतं. ओल्या लाकडाशी संयोग ही तिथली उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट. ती नसेल तर व्याप्ती पडली.

आता ‘जिथे पाणी हिरवं, तिथे डीएमएस’ हे वाक्य घ्या. हे ‘जिथे अग्नी, तिथे धूर’ याच जातीचं आहे. डायटम नावाचे प्लवक असतात, सिलिकेचं कवच असलेले. पाणी हिरवंगार करतात, पण डीएमएसपी फारच कमी साठवतात. कोकोलिथोफोर नावाचे चुन्याच्या चकत्या पांघरलेले दुसरे प्लवक तोच पदार्थ भरपूर साठवतात. दोघांतलं हरितद्रव्य आकाशातून सारखंच मोजलं जातं. एक तापलेला गोळा, दुसरं ओलं लाकूड.

आणि याहून मजेदार गोष्ट उपोष्ण समुद्रांत आढळली. उन्हाळ्यात तिथे पाणी सर्वांत कमी हिरवं असतं, आणि डीएमएस मात्र तेव्हाच सर्वांत जास्त. याला उन्हाळ्याचं कोडं म्हणतात. भर उन्हात पाण्याचा वरचा थर पातळ होतो, प्लवक त्यात अडकून उन्हाचा ताण सोसतात, डीएमएस खाणाऱ्या जीवाणूंनाही ऊन मानवत नाही. म्हणजे रंगाने एक सांगायचं आणि वायूने त्याच्या बरोबर उलट करायचं. मार्टी गाली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उपग्रहावरून डीएमएस काढायची जी रीत दिली, तिच्यात म्हणूनच नुसता रंग नाही. आधी हरितद्रव्य, पाण्याच्या वरच्या थराची जाडी आणि प्रकाश किती खोल जातो यावरून डीएमएसपी काढायचा. मग डीएमएसपी आणि पृष्ठभागावर पडणारं ऊन यांवरून डीएमएस. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी उपाधी ओळखली आणि ती हेतूतच घालून टाकली. आम्ही परीक्षक असतो तर पूर्ण गुण दिले असते.

वाऱ्याचं तुलनेने सोपं. चहा बशीत ओतून फुंकर घातली की वाफ लवकर निघते, तसा जोराचा वारा पाण्यातला वायू लवकर बाहेर काढतो. सर्वसाधारण हिशेबात वेग दुप्पट झाला तर वायू सुटायचा वेग चौपटीच्या आसपास जातो. म्हणून वाऱ्याच्या मापातली लहान चूक उत्तरात मोठी होते. ओशनसॅट-२ वर रंगमापकाबरोबर वारा मोजणारं रडारही होतं. समुद्रावरच्या बारीक लाटांवरून तो वारा काढतो. म्हणजे तेही अनुमानच.

खरी पंचाईत आपल्या अरबी समुद्रात होते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की केरळपासून कोकणापर्यंत किनाऱ्याजवळ खालचं थंड, खतासारखं पोषक पाणी वर येतं. प्लवकांची खरी सुगी तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेलं. रंग पाहणाऱ्या उपग्रहाला ढगाच्या आरपार दिसत नाही. रडारला दिसतं, पण त्याला रंग कळत नाही. ज्या वायूचं ढगांशी नातं तपासायचं, त्याच्या आणि आपल्या मध्ये ढगच पडदा धरतात. ढग नसतानाही उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हवेतूनच परतलेला असतो, पाण्याकडचा थोडाच. आणि किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ. आपली कन्हान श्रावणात कशी गढूळ होते ते आठवा. मांडवी-जुवारीच्या मुखाशीही पाणी रंग बदलतं, आणि ते प्लवकांमुळेच असं नाही.

याच किनाऱ्यावर गोव्याच्या शास्त्रज्ञांना जे सापडलं, ते आम्हाला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं वाटतं. वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिथल्या उथळ समुद्राच्या खालच्या थरात तो जवळजवळ संपतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की त्या वेळी तिथे नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो. पुढे २०१२ मध्ये दामोदर शेणॉय आणि सहकाऱ्यांनी याच प्राणवायूहीन काळातल्या डीएमएसच्या मोजण्या छापल्या. उघड्या समुद्रात लिटरला दोन-तीन नॅनोमोल डीएमएस ही नेहमीची गोष्ट. इथे काही वेळा शेकडो नॅनोमोल निघाला. आणि तो वरच्या हिरव्या पाण्याच्या हिशेबात बसणारा नव्हता, प्राणवायू संपलेल्या पाण्याशी जोडलेला होता. उपग्रह वरचे काही मीटरच पाहतो. खाली काय शिजतंय ते त्याला झाकणावरून कसं कळणार? ते बाटली खाली सोडली म्हणून कळलं.

काळाचंही असंच आहे. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या १९९७ पासूनच्या सात वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं, की पश्चिम अरबी समुद्र झपाट्याने हिरवा होतोय. २०१६ मध्ये पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सहा दशकांचा विचार करून सांगितलं, की पश्चिम हिंदी महासागरात प्लवक घटले आहेत, वीस टक्क्यांपर्यंत. लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, शास्त्रज्ञांचं एकमत नाही! अहो, एकाने सात वर्षांची खिडकी उघडली, दुसऱ्याने साठ वर्षांची. आषाढातले आठ दिवस पाहून वर्षाचा पाऊस सांगितला तर कोणाचंही असंच होईल. पण ज्याला डीएमएसचा पुढचा अंदाज बांधायचा, त्याला यातली कोणती खिडकी धरायची ते ठरवावं लागतं, आणि उत्तराचं चिन्हच बदलू शकतं.

इथे एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच घेतो. प्लवकांमुळे ढग पांढरे होत असतील, तर समुद्रात खत टाकून प्लवक वाढवावेत का? कर्ब शोषायला म्हणून हा प्रयोग झालेला आहे. २००९ च्या आरंभी गोव्याच्या संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचं खत घातलं. प्रयोगाचं नाव ‘लोहाफेक्स’, त्यातलं ‘लोहा’ आपलंच. आपल्या शेजारी गुमगावच्या खाणीतून मँगनीज निघतं, तसलं काही शेकडो टन ओतावं लागत नाही, लोह तिथे चिमूटभर पुरतं. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात डायटमना लागणारी सिलिका कमी होती, त्यामुळे वाढले ते मऊ, कवच नसलेले, आणि कोपेपॉडांनी त्यांचा फडशा पाडला. कर्ब खोल गेला तो नगण्य. ‘जिथे हिरवं, तिथे कर्ब बुडतो’ हीही व्याप्ती अशीच पडली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने पेस नावाचा उपग्रह सोडला आहे. तो रंगाच्या मोजक्या पट्ट्या न पाहता जवळजवळ अखंड वर्णपट पाहतो. त्यावरून डायटम कोणते आणि इतर कोणते हे ओळखता येईल अशी आशा आहे. म्हणजे लाकूड ओलं की सुकं ते आकाशातून. पण तो ओळखतो ते बरोबर की चूक, हे ठरवायला कोणालातरी त्याच दिवशी त्याच पाण्यात जहाज न्यावंच लागतं, सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहावाच लागतो. नैयायिक अनुमानाआधी प्रत्यक्षाला का बसवतात, ते वर्गात सांगताना आम्हाला कधी इतकं पटलं नव्हतं.

आता त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न राहिला, खाप्याच्या पावसाचं यात काय? सरळ सांगायचं तर आपला पाऊस पडेल की नाही, हे डीएमएस ठरवत नाही. ते मोसमी वारे, समुद्राचं तापमान आणि बरंच काही ठरवतं. पण कन्हानवर येणाऱ्या ढगांचा रंग माणसाने किती बदलला, हा हिशेब जेव्हा कोणी मांडेल, तेव्हा त्याच्या वजाबाकीत वरचा एक आकडा कांदोळीच्या बाटलीतला असेल. बरं, आता प्रश्न विचारा. लाइन जायच्या आत दोन-तीन तरी घेऊ.